गांज्याची सनद आणि बियाण्याचा प्रश्न

शेतकऱ्यांच्या मासिकांत अमेरिकेंतील औषधी गांज्याच्या कायद्यांची चर्चा कशाला, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. परंतु गांजा हें अखेर एक पीकच आहे. त्यास बीं लागतें, जागा लागते, पाणी लागतें, आणि सर्वांहून अधिक म्हणजे परवाना लागतो. पीक व परवाना यांची गांठ चुकली म्हणजे काय होतें, हें महसूल खात्यांत उभा जन्म घालविलेल्या आम्हांस थोडेंबहुत ठाऊक आहे.

सन १९९६ मध्यें कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनीं कौल देऊन, डॉक्टरच्या शिफारशीवरून रुग्णास गांजा लावण्याची व बाळगण्याची मोकळीक दिली. पुढें एकामागून एक राज्यांनीं तसे कायदे केले. पण मध्यवर्ती सरकारनें १९७० च्या कायद्यानें गांजा पहिल्या अनुसूचींत घातलेला होता. म्हणजे ज्यांचा वैद्यकांत मान्य उपयोग नाहीं व ज्यांच्या दुरुपयोगाचें भय मोठें, अशा पदार्थांच्या पंक्तींत. एक सरकार घ्या म्हणतें, दुसरें घ्याल तर खबरदार म्हणतें. रोगी बिचारा दोहोंच्या मध्यें.

या ओढाताणींत एका शब्दानें केवढा अनर्थ होतो, तें पाहण्याजोगें आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यांत डॉक्टरनें ‘शिफारस’ करावी, असा शब्द होता, तो चालला. त्याच निवडणुकींत ॲरिझोना राज्यानें मंजूर केलेल्या कायद्यांत मात्र डॉक्टरनें औषध ‘लिहून द्यावें’, असा अर्थ होता. पहिल्या अनुसूचींतील पदार्थ लिहून देण्यास मध्यवर्ती कायद्याची बंदी. त्यामुळें तो कायदा कागदावरच राहिला, आणि त्या राज्यास १९९६ चा कौल २०१० मध्यें पुन्हा घ्यावा लागला. इतकें होऊनही लुइझियाना राज्यानें २०१५ मध्यें तोच शब्द घातला व दुसऱ्या वर्षीं तो दुरुस्त केला. दस्तऐवजांतील एका शब्दानें जमीन जाते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

लुइझियानाची हकीकत आणखी ऐकण्यासारखी आहे. तेथें पहिला कायदा झाला १९७८ मध्यें, आणि रुग्णाच्या हातीं दुकानांतून औषध पडलें २०१९ च्या ऑगस्टांत! रोग्यास घेण्याची परवानगी होती. पण पिकविणार कोण, विकणार कोण, याचा मजकूरच नव्हता. अखेर लागवडीचा अधिकार शेतकी शिक्षण देणाऱ्या दोन विद्यापीठांस दिला, तेव्हां कोठें गाडें हललें. न्यू जर्सींत २०१० च्या जानेवारींत सही झाली, पहिलें दुकान २०१२ च्या डिसेंबरांत उघडलें. मेरिलंडनें २०१३ मध्यें हें काम वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांवर सोंपविलें. एकही पुढें आलें नाहीं. कायदा बदलावा लागला, आणि विक्रीस २०१७ चा डिसेंबर उजाडला. अलाबामाची तर तऱ्हाच निराळी. कायदा २०२१ चा. २०२३ मध्यें परवाने एकदां दिले, तेव्हां गुणांच्या बेरजेंत चूक निघाली. दुसऱ्यांदा दिले, तेव्हां सभेच्या कामकाजावर हरकत आली. तिसऱ्यांदा दिले, तों पुन्हा कोर्टाची मनाई. २०२४ साल सरलें तरी विक्री सुरू झालेली नव्हती.

आतां बियाण्याचें. मध्यवर्ती कायद्यामुळें गांजा एका राज्यांतून दुसऱ्यांत नेतां येत नाहीं. तेव्हां प्रत्येक राज्यानें आपलें पीक आपल्याच हद्दींत काढावयाचें. परंतु पहिलें बीं आणावें कोठून? शेजारच्या राज्यांतून आणावें तर गुन्हा. म्हणून कित्येक राज्यांच्या अधिकाऱ्यांनीं पहिलें बीं कोठून आलें हें विचारावयाचेंच नाहीं, असा पायंडा पाडला. ज्या व्यवहाराच्या नोंदवहींत पुढें रोपनरोप मोजावयाचें, त्याचें पहिलें पानच कोरें! माल तपासण्याची प्रयोगशाळाही त्याच राज्यांत हवी. शिवाय पेढ्या मध्यवर्ती कायद्यास भिऊन खातीं उघडीनात, म्हणून सरकारचा करही पोत्यांतून रोकड नेऊन भरण्याची पाळी कित्येकांवर आली.

कोणी म्हणेल, मादक पदार्थाच्या बाबतींत सरकार सावध राहिलें तर बिघडलें काय? सावधगिरीस आमची ना नाहीं. तपासणीशिवाय असला माल बाजारांत येऊं नये, असेंच आमचें मत आहे. परंतु सावधगिरी कायदा करण्यापूर्वींची असावी. आमच्या नोकरींत एकदां बियाण्याच्या अनुदानाचा हुकूम आमच्या टेबलावर आला, तेव्हां पीक गुडघ्यास लागलें होतें. हुकूम अक्षरशः बरोबर होता, आम्हीं तो आवकनोंदींत चढविलाही. मात्र शेतकऱ्यानें सावकाराचें दार आधींच ठोठावलें होतें. तेथें निदान दुसरा हंगाम तरी येतो. कर्करोगाच्या औषधांनीं अन्न पोटांत न ठरणारा मनुष्य दुसऱ्या हंगामाची वाट कशी पाहणार? अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलांस घेऊन कित्येक आईबाप घरदार सोडून कोलोरॅडो राज्यांत जाऊन राहिले, तें याच विलंबामुळें. इतर कित्येकांनीं चोरट्या बाजाराची वाट धरली असल्यास त्यांस दोष देणें आम्हांस तरी जमणार नाहीं.

हें लिहिण्याचें कारण आपल्याकडेही आहे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें गांज्याच्या झाडाची लागवड परवान्यानें होऊं देण्याचा अधिकार राज्यांस ठेवला आहे. उत्तराखंडानें २०१८ मध्यें वाखासाठीं व उद्योगासाठीं तशी वाट मोकळी केली. अट अशी कीं, झाडांतील मादक द्रव्य शेंकडा ०.३ हून अधिक नसावें. अट रास्त आहे. परंतु ती बियाण्यावर अवलंबून, आणि बीं चुकलें तर पीक उभ्या शेतांत नष्ट करण्याचा प्रसंग. अशा पिकाची गोष्ट आपल्या भागांत कोणी काढल्यास शेतकरी बंधूंनीं भावाची चौकशी मागाहून करावी. प्रथम विचारावें, कीं हमीचें बीं कोण देणार, नमुना कोठें तपासणार, अर्जास उत्तर किती दिवसांत मिळणार, आणि मर्यादा ओलांडल्यास नुकसान कोणाच्या माथीं. हीं उत्तरें तोंडी न घेतां सहीशिक्क्यानिशीं घ्यावीं. तोंवर ती जमीन तुरीखालींच राहूं द्यावी.