आधी ऐका, मग ओके

सकाळी साडेनऊ. कार्ड पंच, कॉफी, कॉम्प्युटर ऑन. स्क्रीनवर एक चौकोन उगवतो, त्यात चार ओळी, खाली 'ओके'. तुम्ही ओके दाबता. आता खरं सांगा, त्या चार ओळींत काय होतं? नाही ना आठवत? डोंट वरी, मलाही नाही आठवत. आणि मी तर एकेकाळी असले निरोप लिहिण्याचाच पगार घ्यायचो.

लॉगिन करणाऱ्याला दारातच निरोप द्यायची आयडिया विंडोजहून जुनी. युनिक्समध्ये एक साधी टेक्स्ट फाइल असते, 'एमओटीडी', म्हणजे मेसेज ऑफ द डे. अ‍ॅडमिनने त्यात लिहायचं. जो आत येईल त्याच्या स्क्रीनवर ते उमटतं. आधीच आत बसलेल्यांसाठी 'वॉल' ही कमांड. तुम्ही टाइप करत असलात तरी ती मध्ये तोंड घालते. विंडोजचं 'नेट सेंड' आठवतंय? कॉलेजच्या लॅबमध्ये त्यावरून कुणी कुणाला काय काय पाठवलं ते इथे छापता येणार नाही. पुढे जाहिरातवाले त्याच वाटेने घुसायला लागले आणि २००४मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक टूने ती सोय बंद करून ठेवली.

एमआयटीत तर या निरोपाने कमालच केली होती. १९६०च्या दशकात तिथे सीटीएसएस नावाची सिस्टिम होती, एकाच मशीनवर अनेकजण काम करायचे. एकदा एकाच वेळी एक जण दिवसाचा निरोप एडिट करत होता आणि दुसरा पासवर्डची फाइल. एडिटर दोघांसाठी तात्पुरती फाइल एकाच नावाने बनवायचा. झाली अदलाबदल! लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला निरोपाच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. तो निरोप मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचला असणार, लावा पैज.

माझा किस्सा इतका मजेशीर नाही. २००४ साल, पुण्यातलं एक ऑफिस, एक युनिक्स सर्व्हर आणि त्याला जोडलेली तीसेक टर्मिनल्स. कॉमन डिरेक्टरी साफ करायची होती. मी आठवडाभर आधी मेसेज टाकला: शनिवारी सहा वाजता कॉमनमधलं सगळं पुसलं जाईल, हवं ते आपापल्या डिरेक्टरीत घ्या. शनिवारी सहाला पुसलं. सोमवारी सव्वादहाला अकाउंट्सच्या मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. तीन महिन्यांचं बँक रिकन्सिलिएशन त्यांनी कॉमनमध्ये ठेवलं होतं. कॉमनचा बॅकअप आम्ही घेतच नव्हतो.

"मेसेज होता ना, मॅडम. आठवडाभर."

"मला नाही दिसला."

मी साहेबांना मेसेजचा प्रिंटआउट दाखवला. साहेब म्हणाले, युजरनी वाचायला नको का? केस क्लोज्ड. मॅडम पुढचे बारा दिवस रात्री नऊपर्यंत थांबून व्हाउचरच्या गठ्ठ्यांवरून सगळं पुन्हा भरत होत्या. मी साडेसहाला त्यांच्या मागून निघायचो आणि मान वळवायचो नाही.

दिवाळीत धर्माबादला घरी गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नांदेड जिल्ह्याचं टोक, मिरचीचा मोठा बाजार, पुढचं स्टेशन बासर, म्हणजे पलीकडचं राज्य. आमच्या बाजारात भाव मराठीत सुरू होतो आणि तेलुगूत ठरतो. जेवताना वडलांना हा किस्सा सांगितला. खरं तर शाबासकीच हवी होती. ते भात कालवत म्हणाले, "कोतवाल चावडीवरच उभं राहून दौंडी देतो का रे?"

नाही देत. माझ्या लहानपणी आमचा कोतवाल हलगी वाजवत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. बाया हात पुसत दारात येईपर्यंत बोलायचा नाही. मग एकच गोष्ट सांगायचा: काय, कधी, कुठे. पलीकडच्या गल्लीत तीच गोष्ट तेलुगूत. तालुक्यात गोदावरीवर आता बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे १ जुलैला त्याचे दरवाजे उचलतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवतात. खाली नदीकाठी ज्याची मोटर आहे, त्याला हे पाणी येण्याआधी कळायला हवं. चावडीवर कागद डकवला होता, हे त्याला नंतर सांगून काय उपयोग?

परत आल्यावर एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मॅडमच्या खुर्चीत बसलो आणि नवीन युजरचं लॉगिन बनवून, त्यांच्यासारखंच सेटिंग लावून आत शिरलो. स्क्रीनवर काहीतरी लुकलुकलं आणि अकाउंट्सचा मेनू आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मेनू सुरू होताना आधी स्क्रीन साफ करत होता. माझा मेसेज तिथे पापणी लवेपर्यंतच असायचा! मला तो रोज व्यवस्थित दिसायचा, कारण मला मेनू नव्हताच. आणि तो मेनू लावला कुणी होता? मीच.

मॅनपेजेस चाळताना 'न्यूज' सापडली. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह घराण्यातली छोटीशी कमांड. प्रत्येक युजरच्या डिरेक्टरीत ती एक बारीक फाइल ठेवते आणि त्या फाइलच्या वेळेवरून ओळखते की ह्याने शेवटची बातमी कधी पाहिली. त्यानंतरचं नवीन असेल तेवढंच दाखवते. काही नवीन नसेल तर गप्प. मी ती मेनूच्या आधी बसवली, खाली 'एंटर दाबा' टाकलं, एंटर येईपर्यंत मेनू अडवला. एमओटीडीत कंपनीचं नाव, वॉर्निंग, सुविचार असं जे काय साठलं होतं ते सगळं उडवलं. आणि निरोप मराठीत लिहायला लागलो. टर्मिनलला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत.

मग मॅडमकडे गेलो आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "साहेबांना सांगितलंत?" एवढंच विचारलं. नव्हतं सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं. साहेब 'बरं बरं' म्हणाले आणि फोन घेतला.

पहिली बातमी गेली जानेवारीत: शनिवारी सहाला सर्व्हर बंद, सोमवारी सुरू. साडेनऊला इंटरकॉम वाजला.

"वाचलं," मॅडम म्हणाल्या. "आता एंटर दाबू?"