विश्लेषण : काबूल स्फोटानंतरच्या घाईचा हिशेब कोण देणार?

काबूल विमानतळावरील आत्मघाती हल्ला म्हटला की १३ अमेरिकी सैनिकांचा मृत्यू आठवतो. पण त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच शहरात, प्रत्युत्तराच्या घाईत मारल्या गेलेल्या दहा निरपराधांचे काय?

हल्ला कसा झाला?

तालिबानने १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलचा ताबा घेतला. देश सोडू पाहणारे अफगाण विमानतळाच्या अ‍ॅबी गेटबाहेर, सांडपाण्याच्या कालव्यात उतरून कागदपत्रे दाखवत होते. २६ ऑगस्टला त्याच गर्दीत ‘इस्लामिक स्टेट-खोरासान’च्या हल्लेखोराने स्वत:ला उडवून दिले. अमेरिकी सैनिकांसह सुमारे १७० अफगाण नागरिकांचा बळी गेला.

प्रत्युत्तरात काय घडले?

हल्लेखोरांना शोधून काढू आणि किंमत मोजायला लावू, असे अध्यक्ष जो बायडेन यांनी त्याच दिवशी जाहीर केले. २९ ऑगस्टला अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा मोटारीचा काही तास माग काढला आणि क्षेपणास्त्र डागले. दहा जण ठार झाले, त्यांत सात मुले होती. मोटार चालवणारा अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. स्फोटके समजले गेलेले डबे बहुधा पाण्याचे होते. लष्कराने आधी कारवाईचे समर्थन केले. पत्रकारांनी घटनास्थळी जाऊन शोध घेतल्यावर १७ सप्टेंबरला जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी चूक मान्य केली.

जबाबदार कोण?

डिसेंबरमध्ये पेंटागॉनने कोणावरही कारवाई न करण्याचे ठरवले. दुसऱ्या हल्ल्याची भीती होती आणि माघारीची मुदत दोन दिवसांवर आली होती, हे खरे. म्हणून चूक समजून घेता येते; तिची जबाबदारी कोणाचीच नाही, हे मात्र पटत नाही.

मग धडा कोणता?

आत्मघाती हल्ल्याचा हेतू केवळ माणसे मारणे हा नसतो. समोरच्या सत्तेने संतापून चुकावे, हेही त्याला हवे असते. काबूलमध्ये तसेच घडले. दूरवरून ड्रोनने लढताना खातरजमा करणारे जमिनीवर कोणी नसते. तेव्हा संशयाचा फायदा खालच्या माणसाला मिळायला हवा. अ‍ॅबी गेटच्या मृतांना न्याय हवाच. पण त्या सात मुलांचाही तो तितकाच हक्क आहे.