जुन्या कपड्यांचे गाणे



गेल्या रविवारी आम्ही घणसोलीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. बहीण वाशीला तीन घरची धुणीभांडी करते. दाजी तुर्भ्याच्या बाजारात माल उचलतात. भाची यंदा दहावीला आहे. जेवणे झाली, सुपारी कातरून झाली आणि बहिणीने मनातली तक्रार बाहेर काढली.

"दादा, तुझ्या भाचीला तूच समजाव. आपण म्हसोबा सोडला, अंगात येणं सोडलं, उतारे-लिंबू सोडले. आणि ही पोरगी जादूगारांची पुस्तकं वाचत बसते. तेवढ्यानं भागलं नाही, तर आता त्या जादूगारांवर गाणी करते. वही मी कपाटावर टाकलीय. दहावी होईस्तोवर खाली यायची नाही."

भाची खाली मान घालून भांडी आवरत होती. आम्ही विचारले, "काय गं, कसली गाणी?" तेव्हा ती म्हणाली, "मामा, मी काही वेडी नाही. जादू खोटी असते ते मला माहीत आहे. आणि अशी गाणी मी एकटीच करत नाही. अमेरिकेत असे बँडच्या बँड निघालेत."

आम्हाला हे नवे होते. त्या संध्याकाळी भाचीने सांगितले ते ऐकले, पुढचे चार दिवस आम्ही स्वतः शोधून वाचले. ते वाचकांपुढे ठेवतो.

हॅरी पॉटर हे नाव बहुतेक घरांतल्या मुलांना ठाऊक असते. इंग्लंडच्या जे. के. रोलिंग या बाईंनी १९९७ ते २००७ या दहा वर्षांत या मुलाच्या गोष्टीची सात पुस्तके प्रसिद्ध केली. ती मराठीतही आली. पहिले 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढले. गोष्ट एका पोरक्या पोराची. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कोनाड्यात झोपणारा, उतरलेले कपडे घालणारा हा पोरगा पुढे जादूच्या शाळेत जातो.

वरवर पाहिले तर सगळा जादूचा खेळ. पण आत एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या माणसाला लगेच कळावी. त्या जादूगारांत काही घराणी स्वतःला शुद्ध रक्ताची म्हणवतात. साध्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या हुशार मुलीला ते चिखलाच्या रक्ताची म्हणून हिणवतात. वर्गात ती सगळ्यांच्या पुढे, तरी तिच्या जन्मावर बोट. गोष्टीतला मोठा खलनायक याच शुद्ध रक्ताच्या नावाने राज्य करू पाहतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या मुलांना दुसऱ्या कोणी शिकवावे लागत नाही.

आता गाण्यांचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉरवूड नावाचे गाव आहे. तेथे २००२ साली पॉल आणि जो डिजॉर्ज या दोघा भावांनी आपल्या घराच्या परसात गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. बोलावलेले वादक आलेच नाहीत. धाकटा जो तेव्हा शाळकरी मुलगा होता. दोघांनी बसून तासाभरात हॅरी पॉटरच्या गोष्टीवर सहा-सात गाणी रचली आणि ती म्हटली. ऐकायला माणसे किती, तर सहा! त्यातून 'हॅरी अँड द पॉटर्स' हा बँड उभा राहिला. दोघेही हॅरी होतात. एक शाळेतल्या चौथ्या वर्षाचा हॅरी, एक सातव्या वर्षाचा. गळ्यात टाय, अंगात स्वेटर, हातात गिटार. ही गाणी काही घोटून घोटून गायलेली नाहीत. सूर कुठे इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही, ऐकणाऱ्याने बरोबर ओरडून म्हणावे, अशी ती आहेत.

हे पाहून इतरांनाही धीर आला. गोष्टीतल्या दुष्ट पोराच्या बाजूने गाणारा 'ड्रॅको अँड द मॅलफॉइज' हा बँड निघाला. शाळेच्या स्वच्छतागृहात रडत बसणाऱ्या भूत-मुलीच्या नावाने दोन मुलींनी 'मोनिंग मर्टल्स' काढला. एकाने तर शाळेच्या आवारातल्या फांद्या आपटणाऱ्या झाडाच्या वतीने गाणी म्हटली. या साऱ्या प्रकाराला विझर्ड रॉक, म्हणजे जादूगारांचे रॉक संगीत, असे नाव पडले. २००८ साली त्यावर माहितीपटही निघाले. यातले बरेच जण घरच्या खोलीत बसून साध्या यंत्रावर गाणी भरत आणि एकमेकांना ऐकवत.

आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. डिजॉर्ज बंधू आपले कार्यक्रम मोठ्या प्रमाणात सार्वजनिक ग्रंथालयांत करू लागले. पुस्तकांच्या कपाटांमध्ये गिटार वाजते आहे, लहान पोरे उड्या मारत आहेत आणि ग्रंथपाल बाई बाजूला उभ्या राहून हसत आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर आणा. आणि आता आपल्या नव्या मुंबईचे दृश्य आठवा. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या इंग्रजी बँडचे कार्यक्रम झाले. तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. हौस असणाऱ्याने जावे, आमची तक्रार नाही. पण गाणे हे विकतच घ्यायचे असते आणि आपले काम फक्त ऐकायचे असते, असे आपल्या मुलांना वाटू लागले, तर मात्र ते नुकसान आहे.

कारण आपल्या आजोबा-पणजोबांना तसे वाटत नव्हते. ज्यांनी जलसे उभे केले त्यांच्यापाशी ढोलकी, तुणतुणे आणि सांगण्यासारखी गोष्ट एवढेच भांडवल होते. लोककवी वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गाणी रचली. आमची तुलना गोष्टीतल्या जादूगाराची आणि आपल्या चळवळीची नाही. ती होऊच शकत नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच, की वाचलेली, पटलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या गळ्यातून म्हणणे ही आपल्या घरात परकी रीत नाही. ती आपलीच रीत आहे.

"पण दादा, गाणी म्हणून पोट भरतं का? त्यातून होतं काय?" असे बहिणीने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचेही उत्तर सांगतो.

२००५ साली अँड्र्यू स्लॅक या तरुणाने पॉल डिजॉर्जच्या साथीने 'हॅरी पॉटर अलायन्स' नावाची संघटना सुरू केली. गोष्टीतला हॅरी अन्यायाशी लढतो, मग त्याची पुस्तके वाचणाऱ्यांनी नुसते टाळ्या वाजवत का बसावे, असा तिचा साधा विचार. बँडच्या कार्यक्रमांना येणारी पोरे या संघटनेला मिळाली. २००७ पासून या गायकांनी दर महिन्याला नवी गाणी वर्गणीदारांना पाठवण्याची योजना चालवली. त्यातला पैसा गरीब मुलांना पुस्तके देणाऱ्या संस्थेला गेला. २०१० साली हैती या गरीब देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा या पोरांनी १ लाख २३ हजार डॉलर जमवले आणि औषधपाण्याने भरलेली पाच विमाने पाठवली.

याहून मोलाची लढाई चॉकलेटची. हॅरी पॉटरच्या नावाने चॉकलेट विकले जात असे. चॉकलेट ज्या कोकोपासून बनते, त्याच्या पश्चिम आफ्रिकेतल्या मळ्यांवर लहान मुले राबतात, हे जगजाहीर आहे. आमच्या आवडत्या हॅरीचे नाव मुलांच्या घामावर का विकता, असा प्रश्न या संघटनेने चित्रपट कंपनी वॉर्नर ब्रदर्सला विचारला. पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या. चार वर्षे पिच्छा सोडला नाही. अखेर कंपनीने मान्य केले की, २०१५ अखेरपर्यंत या नावाचे चॉकलेट मजुरांना न्याय देणाऱ्या प्रमाणपत्राच्या कोकोचेच असेल. गाण्याच्या निमित्ताने एकत्र आलेल्या पोरांनी एवढ्या मोठ्या कंपनीला वाकवले, हे कामगारांच्या घरात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक. २०२० साली लेखिका रोलिंग यांनी तृतीयपंथी स्त्रियांविषयी घेतलेल्या भूमिकेने पुष्कळ वाचक दुखावले. त्यांच्याच पुस्तकांवर गाणी करणाऱ्या अनेक गायकांनी बाईंचे हे मत आम्हाला मान्य नाही, असे उघड सांगितले. २०२१ साली त्या संघटनेने आपल्या नावातून हॅरी पॉटर काढून टाकले. पुस्तक आवडते म्हणून लेखकाच्या पायाशी लोळण घ्यायची नाही, हा धडा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. जिथे बुद्धी वापरली जाते, तिथे भक्तीची भीती नसते.

एवढे झाल्यावर आम्ही बहिणीला म्हटले, "जादूटोणा वेगळा आणि जादूची गोष्ट वेगळी. भोंदू माणूस खोट्याला खरे सांगून पैसा काढतो. गोष्ट सांगणारा आधीच सांगतो, ही गोष्ट आहे. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो भोंदूगिरीसाठी, पुस्तकांसाठी नव्हे. वही काढ खाली. आपण ऐकू तर खरे."

वही खाली आली. भाचीने आधी गोष्ट सांगितली. पुस्तकात डॉबी नावाचा घरगडी आहे. तो माणूस नाही, एल्फ नावाच्या ठेंगण्या जिवांतला आहे. पिढ्यान् पिढ्या एकाच श्रीमंत घराण्याची चाकरी, पगार नाही, सुट्टी नाही. अंगावर जुन्या उशीचा अभ्रा. मालकाने हाताने कपडा दिला तरच त्याची सुटका व्हायची, असा तिथला नियम. हॅरी युक्तीने मालकाच्या हातून त्याला एक पायमोजा मिळवून देतो आणि डॉबी मोकळा होतो. पुढच्या एका पुस्तकात हर्मायनी ही तीच हिणवली गेलेली मुलगी अशा घरगड्यांसाठी संघटना काढते, तर तिचे मित्रच तिला हसतात.

मग भाचीने डबा उपडा घालून ताल धरला आणि गाणे म्हटले. गाण्यात एक मुलगी डॉबीला विचारते, की तुला एक मोजा मिळाला नि तू सुटलास. माझ्या आईला दर दिवाळीला पिशवीभर जुने कपडे मिळतात. मग माझी आई कधी सुटणार?

आम्ही गप्प झालो. दाजींनी दाराबाहेर पाहिले. बहीण पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आम्हाला वाटले, आता ही रडेल, नाहीतर चिडेल. ती म्हणाली, "त्यात एक राहिलंय. मागल्या वर्षी एका घरी जुनी साडी दिली आणि त्या वर्षी बोनस नाही दिला. म्हणाल्या, साडी दिली ना. ते घाल गाण्यात."

भाचीने लगेच पेन शोधले.

वाचकहो, ही पोरगी जादूत हरवली आहे असे तिच्या आईला वाटत होते. ती तर आईकडेच पाहत होती. घरात जे तोंडाने बोलता आले नाही ते तिने परदेशी गोष्टीच्या आडून गाण्यात आणले. त्या गोष्टीने तिला कुठे नेले म्हणाल, तर वाशीच्या त्या फ्लॅटच्या मोरीपर्यंत.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. मुलाच्या हातात जाडे पुस्तक दिसले की आधी ते कशाबद्दल आहे ते विचारा, मग रागवा. पुस्तके विकत घेणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण शाळेत, वस्तीत, ग्रंथालयात ती मिळू शकतात. मुलांना तिथे न्या. दहावीचा अभ्यास आधी, यात दुमत नाही. आम्ही भाचीला तसेच सांगितले आहे. आठवडाभर अभ्यास, रविवारी एक तास वही. तिने मान्य केले आणि बहिणीनेही.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही एक सांगणे. कार्यक्रमात मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांवर भाड्याची गाणी लावायला हजारो रुपये जातात. त्यातली फक्त पंधरा मिनिटे वस्तीतल्या मुलांना द्या. अट एकच ठेवा, गाणे स्वतः रचलेले हवे. सूर चुकला तर चुकू द्या. त्या दोघा भावांपुढे पहिल्या दिवशी सहाच माणसे होती. आपल्या मुलांपुढे निदान वस्ती तरी असेल.

भाचीची वही आता कपाटावर नाही. ती खिडकीत, घड्याळाशेजारी असते. परवा बहिणीचा फोन आला. आधी इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मग हळूच म्हणाली, "दादा, बोनसचं कडवं झालं हं."

जयभीम.