डब्याविना खजिना : रायगडच्या किनाऱ्यासाठी एका जागतिक खेळाचा धडा

जीपीएस यंत्रणेच्या नागरी संकेतांमध्ये अमेरिका हेतुपुरस्सर मिसळत असलेली अशुद्धता मे २००० च्या प्रारंभी काढून टाकण्यात आली. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील यंत्र शंभर मीटरऐवजी दहा-वीस मीटरच्या अचूकतेने स्थान सांगू लागले. लगेचच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या संगणक व्यावसायिकाने ओरेगॉन राज्यातील रानात एक डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ज्याला डबा सापडेल त्याने वहीत नाव लिहावे, आतील एखादी वस्तू घ्यावी आणि आपली एखादी ठेवावी, एवढाच नियम. 'जिओकॅशिंग' या खेळाचा जन्म असा झाला. आज जगभर अशी ३० लाखांहून अधिक ठिकाणे नोंदलेली आहेत.

रानावनातला हा खेळ पुढे संग्रहालयांच्या दारापर्यंत पोहोचला आणि तेथे त्याला आपले स्वरूप बदलावे लागले. जाड भिंतींच्या आत उपग्रहाचे संकेत नीट पोहोचत नाहीत आणि दालनात परका डबा ठेवणे कोणत्याही व्यवस्थापनाला परवडणारे नाही. त्यामुळे अक्षांश-रेखांश दारापर्यंत नेतात व पुढचा माग प्रदर्शित वस्तूच लावून देते. नाण्यावरचे साल, शिलालेखातील नाव, तोफेवरची मुद्रा यांतून पुढच्या ठिकाणाचे आकडे मिळतात. खेळाडूला वस्तू पाहावीच लागते. काचेच्या पेट्यांसमोरून घाईघाईने निघून जाणाऱ्या प्रेक्षकाला थांबवण्याचा याहून साधा उपाय नाही.

या पार्श्वभूमीवर रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा विचार करण्यासारखा आहे. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत जिल्ह्यातील दोन किल्ले आहेत. एक स्वराज्याची राजधानी रायगड आणि दुसरा थळसमोरच्या समुद्रातील खांदेरी. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्याही विरोधाला न जुमानता शिवाजी महाराजांनी हे बेट तटबंदीने बांधून घेतले. जगाने त्याची दखल घेतली खरी, पण मुंबईकर पर्यटकाचा ओघ आजही अलिबागची वाळू आणि मुरूडचा जंजिरा यांच्याभोवतीच घुटमळतो. चौल, रेवदंडा, कोर्लई ही नावे त्याच्या लेखी रस्त्यावरच्या पाट्यांपुरतीच उरतात.

वास्तविक या किनाऱ्याचा इतिहास एका देशाच्या कपाटात मावणारा नाही. चौल हे प्राचीन ग्रीक लेखकांना 'सिमुल्ला' म्हणून ठाऊक असलेले बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी येथे येऊन गेला. रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात चौललाच हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला. त्याचे स्मारक त्वेरमध्ये व्होल्गाकाठी आहे आणि रेवदंड्यातही आहे. १५०८ मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्तच्या व गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना धूळ चारली. तरीही पोर्तुगीज येथे १७४० पर्यंत टिकले. कोर्लईच्या पायथ्याशी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून घडलेली बोली आजही कानी पडते. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा सांगणारे बेने इस्रायल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, पण त्यांच्या घरांतून मराठी गेली नाही. म्हणजे रायगडच्या एका किनाऱ्याची कागदपत्रे, वस्तू आणि आठवणी लिस्बन, गोवा, त्वेर, मुंबई आणि इस्रायल अशा ठिकाणी विखुरलेल्या आहेत.

संग्रहालयांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य आपल्याला नवे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम व दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासमवेत 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन भरवले होते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात आणण्यात आली. मात्र अशा उपक्रमांत वस्तूला प्रवास करावा लागतो आणि विमा, पहारा, करार यांचा खर्च अफाट असतो. येथे खेळाची कल्पना उपयोगी पडते. वस्तू जागेवर राहते आणि प्रवास फक्त प्रश्नाचा होतो. त्वेरच्या स्मारकाजवळ सुटलेल्या कोड्याचे उत्तर रेवदंड्यात सापडावे आणि लिस्बनमधील नकाशाचा दुवा कोर्लईच्या बुरुजाशी जुळावा, यासाठी दोन्हीकडच्या अभ्यासकांनी एकत्र बसून प्रश्न रचले तरी पुरे.

या कल्पनेपुढील अडचणी मात्र गंभीर आहेत. पहिली कायद्याची. कुलाबा आणि जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या, तर खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'खजिना' हा शब्दच आपल्याकडे धोक्याचा आहे. गुप्तधनाच्या लोभाने गडकोटांवर आणि जुन्या देवळांत झालेली खोदकामे महाराष्ट्राला परिचित आहेत. तेथे डबा दडवण्याचा खेळ सुरू करणे म्हणजे कुदळीला निमंत्रण देण्यासारखे होईल.

दुसरी अडचण सुरक्षेची. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शेखाडी परिसरात उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ लागलेल्या बेवारस नौकेत तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा घातपाताचा संबंध नसल्याचे स्पष्ट होईपर्यंत सारा जिल्हा दक्षतेवर होता. अशा किनाऱ्यावर दगडाआड ठेवलेला डबा हा खेळ राहत नाही, ती पोलीस ठाण्यातील नोंद होते.

तिसरी अडचण समुद्राची, आणि तिची जाणीव शहरी माणसाला सर्वांत कमी असते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, भरतीला तोच रस्ता पाण्याखाली जातो. अक्षांश-रेखांश दोन्ही वेळी तेच दिसतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील बाण पाण्याची खोली सांगत नाही. ती कोळीवाड्यातील माणूस सांगतो.

या तिन्ही अडचणींचे उत्तर खेळाच्या एका शाखेत आधीच उपलब्ध आहे. 'अर्थकॅश' या प्रकारात डबा नसतोच. खेळाडू भूशास्त्रीय ठिकाणी जातो, निरीक्षण करतो आणि प्रश्नांची उत्तरे पाठवतो. हीच पद्धत रायगडच्या वारशाला लावता येईल. त्यासाठी खोदायला काही नको, लपवायला काही नको आणि शंका घ्यायलाही जागा नको. अट एवढीच की पुरातत्त्व खाते, बंदर अधिकारी आणि पोलीस यांची संमती आधी असावी, प्रत्येक ठिकाणाच्या माहितीत भरती-ओहोटीची वेळ सक्तीची असावी आणि पावसाळ्यात सागरी ठिकाणे बंद राहावीत.

अशा सहकार्याचा नमुना शोधायला अलिबागकरांना दूर जावे लागणार नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडांच्या इमारतीत तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत आहे आणि ती जगभरच्या शास्त्रज्ञांना दिली जाते. अशा अनेक वेधशाळांच्या व उपग्रहांच्या नोंदींतून जी प्रतिमाने तयार होतात, त्यांच्याच आधारे भ्रमणध्वनीतील होकायंत्र खरी उत्तर दाखवते. एका जागची नोंद इतर जागांच्या नोंदींशी जोडली गेली, की तिचे मोल वाढते. वारशाचेही तसेच आहे.

प्रश्न उरतो तो लाभाचा. जागतिक वारशाचा शिक्का मिळाल्यावर किनाऱ्यावरील जमिनीचे भाव वाढतात, हॉटेले उभी राहतात, पण बुरुजाची माहिती सांगणाऱ्या स्थानिक तरुणाच्या पदरात काय पडते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. या खेळाचे प्रश्न थळच्या कोळ्यांना, कोर्लईच्या बोलीभाषकांना आणि रेवदंड्याच्या शिक्षकांना विचारून रचले, होडी त्यांचीच घेतली आणि वाटाड्याचे मानधन आधी ठरवले, तरच त्याला अर्थ राहील. अन्यथा परदेशी पाहुणे आकडे जुळवतील, छायाचित्रे काढून जातील आणि किनारा पूर्वीसारखाच मुका राहील. रायगडच्या समुद्रकाठी दडलेला खजिना कोणी पुरून ठेवलेला नाही. तो ठाऊक असलेल्या माणसांना विचारण्याची तसदी मात्र आजवर फारशी कोणी घेतलेली नाही.