पंखा बघा, मग इंजिन



रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरची मच्छीमारीची बोट आहे, जाळे ओढणारी ट्रॉलर. पूर्वी ती साडेसात नॉटने जायची, आता सहाच्या पुढे सरकत नाही. डिझेल मात्र आधीपेक्षा जास्त लागते. ओळखीच्या मिस्त्रींनी निदान केले की इंजिन कमी पडते, मोठे टाका. त्यासाठी पैसे घरात नाहीत. कर्ज काढायचे तर व्याजाचे, नाहीतर मुलीच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेले दागिने मोडायचे. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. त्या विचारतात, "भाईसाहेब, इंजिन मोठे केले की बोट पळेल ना, एवढेच सांगा."

भगिनी, एवढेच सांगायचे तर उत्तर असे: इंजिनाचा निर्णय शेवटी घ्या, आधी पंख्याकडे बघा. आता याचे कारण सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्या घराचा नाही.

इंजिन बोटीला ढकलत नाही. ते फक्त शाफ्ट फिरवते. बोटीला पुढे ढकलतो तो पाण्याखाली असलेला, कोणाला न दिसणारा पंखा. इंजिनाची ताकद पाण्यात उतरते ती त्या तीन-चार पात्यांतून. पाती बिघडलेली किंवा बोटीला न जुळणारी असतील, तर वर कितीही मोठे इंजिन बसवा, जास्तीचे डिझेल पाणी घुसळण्यातच जाईल.

पंखा पाण्यात काम कसा करतो हे माणसाला एकदम कळलेले नाही. सुरुवातीला लोकांना वाटे की लाकडात स्क्रू शिरतो तसा हा पाण्यात शिरतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका शेतकऱ्याने 1836 साली अशा स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा स्क्रू लाकडी होता आणि त्याला दोन पूर्ण वेढे होते. पुढच्या वर्षी लंडनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. बोट थांबायला हवी होती. ती उलट जास्त वेगाने चालू लागली! स्मिथने ही गोष्ट लपवली नाही आणि नशीब म्हणून सोडूनही दिली नाही. त्याने आपला आराखडा बदलला. लांब वेढे पाण्याला जास्त पकडत नव्हते, ते नुसते घासत होते. 1845 मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याचे 'रॅटलर' आणि बाजूला चाके असलेले 'अलेक्टो' ही जहाजे पाठीला पाठ लावून एकमेकांना बांधली आणि दोघांना पूर्ण जोर लावायला सांगितले. रॅटलरने अलेक्टोला मागे खेचत नेले.

पाण्याला पाते कसे पकडते हे समजायला घरातल्या टेबल फॅनचे पाते बंद असताना जवळून पाहा. ते सपाट नाही, पिळलेले आहे. बोटीच्या पंख्याचेही तसेच. समजा पंख्याचा व्यास 1 मीटर आहे आणि तो मिनिटाला 400 फेरे मारतो. पात्याचे टोक तेव्हा सेकंदाला सुमारे 21 मीटर धावते, पण मध्यावरचा भाग त्याच्या निम्म्याच वेगाने फिरतो. एकाच पात्याच्या दोन भागांना पाणी वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळ्या दिशेने भेटते. म्हणून मधल्या भागाचा कोन उभा आणि टोकाचा कोन आडवा ठेवावा लागतो. हा पीळ बिघडला, पाते कुठे आपटून थोडे जरी वाकले, तर पात्याचा एक भाग ढकलतो आणि दुसरा अडवतो.

या पिळालाच पिच म्हणतात. तुमच्या पंख्याच्या मधल्या गोल भागावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतील. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही बहुधा इंचांत. पिच 24 असेल तर त्याचा अर्थ असा: पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर एका फेऱ्यात बोट 24 इंच पुढे गेली असती. 400 फेऱ्यांना हे अंतर मिनिटाला सुमारे 244 मीटर, म्हणजे तासाला साडेचौदा किलोमीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात बोट अकराच किलोमीटर जाते, कारण पाणी मागे सरकते. हे थोडे सरकणे गरजेचेच आहे. पाणी मागे गेल्याशिवाय बोट पुढे जाणार नाही. प्रश्न आहे तो किती पाणी, किती जोरात मागे सरकवायचे याचा.

इथे या विद्येतली सगळ्यात मोलाची गोष्ट येते. स्कॉटलंडचे अभियंते रँकिन यांनी 1865 मध्ये ती गणिताने मांडली. हिशोब सोपा आहे. समजा पंखा सेकंदाला 1000 किलो पाणी घेतो आणि त्याचा वेग 4 मीटरने वाढवतो. दुसरा पंखा 2000 किलो पाणी घेतो आणि त्याचा वेग 2 मीटरनेच वाढवतो. बोटीला मिळणारा धक्का दोन्हीकडे सारखाच. पण पहिल्या पंख्यामागे पाण्यात 8 किलोवॅट ताकद वाया जाते, दुसऱ्यामागे 4 किलोवॅट. थोड्या पाण्याला जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला हळू सरकवणे स्वस्त पडते. म्हणून मोठा पंखा हळू फिरवणे हे लहान पंखा वेगाने फिरवण्यापेक्षा चांगले, आणि म्हणूनच इंजिन आणि शाफ्ट यांच्यामध्ये फेरे कमी करणारा गिअरबॉक्स असतो. बोटीच्या मागे जागा किती आणि पाणी किती खोल, यावर पंख्याच्या मोठेपणाची मर्यादा ठरते.

नुसता जोर वाढवला तर काय होते याचा धडा चार्ल्स पार्सन्स यांना मिळाला. त्यांनी 1894 मध्ये 'टर्बिनिया' नावाची नौका बांधली. तिच्यात त्यांनीच शोधलेले वाफेचे टर्बाइन होते, त्या काळातले अतिशय जोरकस इंजिन. तरी नौका अपेक्षेइतकी पळेना. पार्सन्सनी इंजिन मोठे केले नाही. त्यांनी काचेच्या खिडक्यांची पाण्याची टाकी बनवून पंखा आत फिरवून पाहिला. पाते फार वेगाने फिरले की त्याच्या एका बाजूचा दाब इतका उतरतो की थंड पाणीही वाफ होते आणि बुडबुडे तयार होतात. मग पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरू लागतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे बुडबुडे फुटताना धातूवर बारीक घाव बसतात आणि पाते खड्डे पडून कुरतडल्यासारखे दिसते. पार्सन्सनी एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट घातले आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवले, म्हणजे एकूण नऊ. 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या नौदल संचलनात हीच टर्बिनिया सगळ्या युद्धनौकांच्या मधून पळत गेली. तिचा वेग 34 नॉटपर्यंत पोहोचला होता.

हवेतही गोष्ट हीच. राइट बंधूंना वाटले होते की जहाजांच्या पंख्याचे गणित पुस्तकातून घेऊन विमानाला लावता येईल. त्यांना कळले की जहाजवाले अजून बरेचसे अंदाजानेच पंखे करतात. मग त्यांनी विचार बदलला: पंखा म्हणजे स्क्रू नव्हे, गोल फिरणारा विमानाचा पंख. त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात छोट्या पंखांवर केलेल्या मोजमापांवरून साडेआठ फुटांचे लाकडी पंखे हाताने तासले. इंजिनाच्या दर शंभर भागांतले पंचाहत्तर भाग ते कामाला लावत. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे विमान 12 सेकंद उडाले. इंजिन अगदी साधे होते. विमान उडाले त्यात मोजमापाचा वाटा मोठा होता.

आता भगिनी, तुमच्या बोटीकडे येऊ. पत्रात तुम्ही लिहिले आहे की बोटीची पाण्यातली लांबी साधारण 36 फूट आहे. जड बोट चालताना पुढच्या टोकापाशी लाट उठवते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाट बोटीइतकी लांब झाली की बोट जणू स्वतःच्याच लाटेच्या चढावर चढू लागते. तिथून पुढे जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. ढोबळ हिशोबाने 36 फुटांच्या बोटीला ही मर्यादा 8 नॉटच्या आसपास येते. तुमची बोट पूर्वी साडेसात नॉट जात होती. म्हणजे जुने इंजिन तिला मर्यादेजवळ नेतच होते. इंजिन तेच, बोट तीच आणि वेग घटला, तर इंजिन लहान झालेले नाही. मधे काहीतरी बिघडले आहे.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात. त्या वेळी या गोष्टी क्रमाने करा.

आधी बोटीचा तळ आणि पंखा खरवडून स्वच्छ करा. तळाला आणि पात्यांना चिकटलेले शेवाळ आणि शिंपले वेग खातात. पात्यांच्या कडा हाताने तपासा. कुठे खाच, वाक किंवा खड्डे आहेत का ते पाहा. वाकलेले पाते साध्या हातोड्याने ठोकून सरळ करू नका, ते पंखे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मोजून करावे लागते. मागे कधी दुरुस्तीत पंखा बदलला असेल, तर जुने आणि नवे आकडे जुळतात का तेही बघा.

मग बोट पाण्यात उतरली की इंजिनावर पूर्ण भार टाकून फेरे मोजा. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेल्या फेऱ्यांपर्यंत ते पोहोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पंखा त्याला जड होतो आहे. फेरे सहज पुढे जात असतील तर पंखा हलका आहे. थोडाच फरक असेल तर कारखान्यात पिच कमी-जास्त करून मिळते आणि तो खर्च नव्या इंजिनाच्या मानाने फार थोडा असतो. तळ स्वच्छ, पंखा जुळलेला आणि तरीही इंजिन फेरे घेत नसेल, तर मात्र इंजिन उघडून तपासायला हवे.

तुमचे काम जाळे ओढण्याचे आहे, हेही कारागिराला सांगा. ओढणाऱ्या बोटीला व्यास मोठा आणि पिच बेताचे लागते, लांब पळणाऱ्या बोटीला पिच जास्त चालते. ट्रॉलरच्या पंख्याभोवती नळीसारखे कडेही बसवतात. जर्मनीच्या लुडविग कोर्ट यांच्यामुळे ही रचना 1930 च्या दशकात रूढ झाली. ओढताना तिने जोर पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकतो, वेगाने पळताना मात्र फायदा उरत नाही. पात्यांची टोके वळवून एकमेकांना जोडलेले वेढेदार पंखेही आता निघाले आहेत. ते महाग आहेत आणि आज तुम्हाला त्यांची गरज नाही.

शेवटी, तांडेलांना एक विनंती करा. वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढते. ढोबळ नियमाने 8 ऐवजी 7 नॉटने गेले तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी लागते. वेळ थोडा जास्त गेला तरी तेवढ्याच अंतराला डिझेल पाचव्या हिश्श्याहून जास्त वाचते. यासाठी एक रुपयाही कर्ज लागत नाही.

कुरआनात समुद्रावर चालणाऱ्या जहाजांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्यांमध्ये पुन्हा पुन्हा आला आहे, आणि उधळपट्टीला, इसराफला, मनाईही आहे. वाहत्या पाण्याकाठी वुजू करतानासुद्धा पाणी जपून वापरण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग रोजीसाठी समुद्रात नेलेले डिझेल लाटा उठवण्यात घालवणे हाही इसराफच नाही का?

एक वही घ्या. पंख्यावरचे दोन आकडे, इंजिनाच्या पाटीवरचे फेरे, गिअरबॉक्सचे प्रमाण, भार असतानाचे फेरे, वेग आणि तासाला लागणारे डिझेल, पंखा साफ करण्याआधीचे आणि नंतरचे, सगळे त्यात लिहा. हे काम मुलीकडे द्या. बारावीच्या मुलीला यातले एकही गणित अवघड नाही. पंधरा दिवसांचे आकडे झाले की ती वही घेऊन जाणत्या इंजिनियरकडे जा आणि मगच इंजिनाचा विषय काढा. तोपर्यंत दागिने पेटीतच राहू द्या.

अल्लाह तआला समुद्रावर गेलेल्या सर्वांना सुखरूप घरी आणो आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.