सगळं खापर उन्हाळ्यावर!

नागपुरातल्या कुठल्याही बाईला विचारा, "का हो, चेहरा असा ओढलेला का?" उत्तर ठरलेलं असतं. "झोप झाली नाही. काय तो उकाडा!" एप्रिल उजाडला की डोकेदुखी, चिडचिड, भाजीत दोनदा पडलेलं मीठ आणि मुलांच्या पाठीत बसलेले धपाटे, सगळ्याचं खापर उन्हाळ्यावर फोडून आपण मोकळ्या होतो.

ते अगदीच खोटं नाही, बरं का. २३ मे २०१३ ला आपल्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २५ मेच्या सुमारास नवतपा लागला की नऊ दिवस भिंतीसुद्धा हात लावू देत नाहीत. हवामान खातं तर आता उष्ण रात्रींचीही नोंद ठेवतं. दिवसाचा पारा चाळीसच्या वर असताना रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त चढलेलं असलं, तर ती 'उष्ण रात्र'. अशा रात्री झोप न लागणं हा काही आजार नव्हे.

पण मैत्रिणींनो, मृगाचा पाऊस पडतो, मग दिवाळी होते, जानेवारीत आपण वाकळा बाहेर काढतो, आणि तरीही कितीजणींना पहाटे तीनला टक्क जाग असते! मग दोष कोणाला द्यायचा? म्हणून आज मी दोन वाटे वेगळे करणार आहे. उन्हाचा वाटा उन्हाला, आणि बाकीचा ज्याचा त्याला.

उन्हाचा वाटा

झोप लागण्यापूर्वी शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं. ते झालं नाही तर आपण नुसत्या कुशी बदलत राहतो. हे ध्यानात ठेवलं की पुढचे उपाय आपोआप समजतात.

पहिला कूलर. पुष्कळजणी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या-दारं घट्ट लावून घेतात. ए.सी.ला हे ठीक, कूलरला नव्हे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. आतल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर मध्यरात्रीपर्यंत खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा. पहाटे हवा जरा निवली की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू द्या. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपला. हवाच ओली असते, तेव्हा पाण्याने ती गार होत नाही.

कूलरच्या ताट्या दरवर्षी होळीच्या सुमारास बदलाव्या. वाळ्याच्या असतील तर सुगंधाचं सुख वेगळंच. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासून काढा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, ती कडांना चिकटून राहतात, आणि सात ते दहा दिवसांत नवा डास तयार होतो. वार ठरवून टाका. आमच्याकडे रविवार आहे.

ज्यांच्या नशिबात गच्ची आहे त्यांनी ती जरूर वापरावी. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते ओकत बसते, म्हणून सूर्य मावळला की दोन-तीन बादल्या पाणी शिंपडा, आणि झोपायला मात्र तासा-दोन तासांनी जा. बाज असेल तर उत्तम, खालूनही वारा लागतो. मच्छरदाणी हवीच. गच्चीला वरून पांढरा चुना दिला तर खालच्या खोल्याही कमी तापतात.

स्पंजच्या गादीपेक्षा आपली कापसाची गादी बरी, आणि वर धुऊन मऊ झालेली सुती चादर. झोपण्याच्या तास-दीड तास आधी अंघोळ करावी. वरच्या टाकीचं पाणी आपल्याकडे रात्रीदेखील कोमट येतं, त्याची तक्रार नको. कोमट पाण्याने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, मग अंगातली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर येते.

रात्रीचं जेवण हलकं आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी. सावजी रस्सा आणि वर तर्री हे दुपारचं पक्वान्न. रात्री नऊनंतर खाल्लंत तर छातीत जळजळ होणार, आणि सकाळी पुन्हा नाव उन्हाळ्याचं!

घड्याळाचा वाटा

आपल्या शरीरात एक घड्याळ असतं, आणि त्याचं काम पेशींमध्ये कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की या घड्याळाला किल्ली सकाळी मिळते, रात्री नव्हे. झोपायची वेळ पुढेमागे झाली तरी चालेल, उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेडात काढा. तुळशीला पाणी घाला, सडा-रांगोळी करा, झाडांची वाळलेली पानं काढा. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की रात्रीची झोप वेळेवर यायची तयारी तिथूनच सुरू होते.

दुपारच्या झोपेवरून घरोघरी वाद. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानलं आहे. त्याच ग्रंथात दिवसा झोपू नये असं सांगून ग्रीष्म ऋतूला मात्र सूट दिली आहे. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी पडणाऱ्या बाईला आळशी म्हणू नये. फक्त तीनच्या आत उठावं आणि वीस-तीस मिनिटांचा गजर लावावा. दीड-दोन तासांची दुपारची झोप रात्रीच्या झोपेतूनच कापली जाते.

चहाचंही तसंच. चहा-कॉफीतलं जे द्रव्य आपल्याला तरतरी देतं, त्याचा निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही अंगात शिल्लक असतो. संध्याकाळी साडेसहाला पाहुण्यांबरोबर घेतलेला चहा साडेअकराला जागा असतो. चारनंतर पाहुण्यांना चहा द्या, स्वतः पन्हं नाहीतर मठ्ठा घ्या. कोणी रागावत नाही.

आणि मोबाइल. याबद्दल सगळेच उपदेश करतात, पण बाई तो रात्री का हातात घेते हे कोणी विचारत नाही. ओटा पुसला, दही लावलं, मुलांची दप्तरं झाली, सासूबाईंची गोळी दिली, की अकरा वाजतात. दिवसभरात फक्त स्वतःसाठी मिळालेला तो पहिला अर्धा तास असतो. तो सोडवत नाही, आणि अर्ध्याचे दीड तास कधी होतात ते कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की मोबाइल नुसता हिसकावून घेऊन भागणार नाही. तो अर्धा तास संध्याकाळी सात वाजता मिळाला पाहिजे. त्यासाठी पुढचा वाटा नीट वाचा.

घराचा वाटा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा आम्ही गंमत म्हणून झोपायच्या आणि उठायच्या वेळा कागदावर लिहिल्या, आपल्या आणि यजमानांच्याही. गंमत लवकरच संपली. बहुतेकींचं अंथरूण घरात सगळ्यांत शेवटी पडत होतं आणि सगळ्यांत आधी गुंडाळलं जात होतं. एका बाईंचा हिशेब असा: रात्री साडेअकरा ते पहाटे पावणेपाच. म्हणजे सव्वापाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. रोजची पावणेदोन तासांची उधारी! यांना झोप 'लागत नाही' असं नव्हतंच. त्यांना झोपायला वेळच नव्हता.

केंद्र सरकारची वेळ-वापर पाहणी २०२४ मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. मुलाबाळांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही. अशा हिशेबात जायफळ घातलेलं दूध काय करणार?

त्या बाईंनी मग कामं नव्हे, वेळा वाटल्या. पहाटे नळाला पाणी येतं ते भरायचं दहावीतल्या मुलाकडे दिलं. यजमानांना सांगितलं, "रात्री दही लावणं, दूध झाकणं आणि दारं लावणं तुमच्याकडे. मी दहाला झोपणार." पहिल्या आठवड्यात दही दोनदा बिघडलं, एकदा दूध मांजराने प्यालं. बाई अंथरुणातून उठल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात दही छान लागू लागलं. मला यातलं सर्वांत कठीण काम वाटतं ते न उठणं! आपल्यापैकी कितीजणींना जमेल?

अंथरुणाचा वाटा

वेळ मिळूनही डोळा लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा, मंद दिव्यात बसून एखादं बिनमहत्त्वाचं काम करा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, आणि पेंग आली की परत जा. अंथरूण म्हणजे झोप, अशी गाठ मनात पुन्हा बसवायला थोडे दिवस जातात. भिंतीवरचं घड्याळ दिसणार नाही असं झोपा. किती वाजले ते पाहिलं की उरलेल्या तासांची वजाबाकी सुरू होते.

उद्याची काळजी डोक्यात फिरत असेल तर संध्याकाळीच वहीत लिहून काढा. गॅसचा नंबर लावायचा, फी भरायची, नणंदेला फोन करायचा. कागदावर उतरलेलं काम रात्री तितकं टोचत नाही.

आजीच्या बटव्यातलं एक मला फार आवडतं. तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. त्याने झोप लागतेच असं मी म्हणणार नाही, पण दहा मिनिटं कोणी आपले पाय चोळून देत असेल तर मन नक्कीच निवतं. सासूबाईंना करून द्या, मुलीकडून करून घ्या. जायफळ मात्र चिमूटभरच. जास्त पोटात गेलं तर मळमळ होते, डोकं गरगरतं, छाती धडधडते.

डॉक्टरांचा वाटा

आमच्या शेजारच्या काकू गेल्या मे महिन्यात म्हणाल्या, "काय सांगू गं, डोळ्याला डोळा नाही लागून राहिला. मध्येच अंगाची लाही होते, घामाने पातळ भिजतं." काकांनी नवा कूलर आणला. पाऊस आला, पोळा झाला, लाही चालूच. वय सत्तेचाळीस. मी म्हटलं, "काकू, हा कूलरचा विषय नाही, बायकांच्या डॉक्टरांचा आहे." त्या गेल्या. पाळी जाण्याच्या काळातला हा त्रास, आणि त्याला उपचार आहे. मधल्या काळात काकू मात्र शेजारणीने दिलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊ लागल्या होत्या. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

मैत्रिणींनो, दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी कधीही घेऊ नका. यातल्या बहुतेक गोळ्यांची सवय लागते, वयस्कर माणसाचा रात्री तोल जाऊन हाड मोडतं. आणि बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

पुढील गोष्टी असतील तर उन्हाळा संपायची वाट पाहू नये:

१. रात्री पाय ओढल्यासारखे वाटतात, हलवले की बरं वाटतं. रक्तातलं लोह तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता.

२. मोठमोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड. हे यजमानांचं असो की तुमचं, हसण्यावारी नेऊ नका. रक्तदाबाशी याचा संबंध आहे.

३. छाती धडधडणं, वजन उतरणं, हात थरथरणं. थायरॉइडची तपासणी करून घ्या.

४. पहाटे जाग येणं, कशात मन न लागणं, रडू कोसळणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललेलं असणं. घरात बोलवत नसेल तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

यातलं काय तुमच्या वाट्याचं आहे ते ओळखायला एक वही करा. दोन आठवडे रोज सकाळी चार ओळी लिहा. किती वाजता पडले, किती वाजता उठले, मध्ये कितीदा जाग आली आणि कशाने, शेवटचा चहा कधी घेतला. पंधराव्या दिवशी ती वही आधी घरातल्यांना वाचून दाखवा. आणि गरज पडली तर तीच डॉक्टरांकडे न्या. "झोप येत नाही" या तीन शब्दांपेक्षा त्यांना ती जास्त उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात सांडगे आणि कुरडया. ऊन आहे तोवर त्याच्याकडून कामही करून घेऊ!