थ्रेड : तिसरा बाइट आणि यजमानाची आगंतुक दुरुस्ती

एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात. आत चालणारी कार्यप्रणाली हा पाहुणा. खालचे खरे यंत्र सांभाळणारा तो यजमान. पाहुण्याला यजमानाकडे काही मागायचे असले की तो प्रोसेसरची एक विशिष्ट आज्ञा वापरून त्याला हाक मारतो. हा हायपरकॉल. काय मागायचे हे एका क्रमांकाने सांगितले जाते आणि तो सर्वत्र सारखा ठेवता येतो. हाक कशी मारायची, हे मात्र प्रोसेसरागणिक बदलते.

या दोन गोष्टींची फारकत म्हणजे फायलींची आवराआवर, असे सहसा सांगितले जाते. हे सांगणे अपुरे आहे. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा खरा वाद वेगळाच आहे : प्रोसेसरची ओळख कोणी ठेवायची, पाहुण्याने की यजमानाने?

आरंभ आयबीएमपासून. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे कंपनीच्या विज्ञान केंद्रात सीपी-६७ ही प्रणाली घडली. १९७२ मध्ये तिची वारस व्हीएम/३७० जाहीर झाली. तेथे हाकेसाठी निवडलेली आज्ञा होती ‘डायग्नोज’. सिस्टिम/३६० च्या नियमपुस्तिकेने या आज्ञेचा अर्थ यंत्राच्या प्रत्येक मॉडेलवर सोपवला होता. मग आभासी यंत्र हेही आणखी एक मॉडेलच, असे मानले की नियम कोठेही मोडत नव्हता. आज्ञा एक, तिच्यासोबत क्रमांक; उदाहरणार्थ, क्रमांक ८ वापरून पाहुणा थेट नियंत्रक प्रणालीला हुकूम देऊ शके. युक्ती देखणी होती. पण सगळी यंत्रे एकाच घरची होती, हेही विसरू नये. हाक कशी मारायची हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

तो उद्भवला २००५-०६ मध्ये. इंटेल आणि एएमडी या दोघांनी आपापल्या प्रोसेसरांत आभासीकरणाची सोय आणली, आणि एकमेकांशी न जुळणारी आणली. इंटेलची हाक ‘व्हीएमकॉल’, एएमडीची ‘व्हीएमएमकॉल’. दोन्ही आज्ञा तीन-तीन बाइटांच्या. त्यांतले पहिले दोन बाइट अगदी सारखे. फरक केवळ तिसऱ्यात. पुढील सारी कथा या एका बाइटाभोवती फिरते.

ऑक्टोबर २००६ मध्ये इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीतील अवी किविटी यांनी केव्हीएम जाहीर केले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत ते सर्वांच्या हाती आले. इंटेलसाठी एक फाइल, एएमडीसाठी दुसरी आणि दोहोंचा सामाईक भाग तिसरीत, अशी मांडणी आरंभीच होती. लवकरच आयबीएमच्या मेनफ्रेमवर, पॉवरपीसीवर आणि इटेनियमवर केव्हीएम नेण्याची धडपड सुरू झाली. तेव्हा ध्यानात आले, की ‘सामाईक’ म्हणून ठेवलेला बराचसा भाग वस्तुतः एक्स८६ घराण्याचाच होता. एप्रिल २००८ च्या २.६.२५ आवृत्तीत तो एक्स८६ च्या दालनात हलवला गेला आणि जुलैच्या २.६.२६ मध्ये नव्या तिन्ही घराण्यांना प्रवेश मिळाला. फायलींची गोष्ट एवढीच. तिला याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही.

हायपरकॉलची गोष्ट अधिक बोधक आहे. पाहुण्याच्या कोडमध्ये कोणती आज्ञा लिहायची? केव्हीएमच्या कर्त्यांनी तोड काढली : पाहुण्याने सरसकट इंटेलची आज्ञा लिहावी. एएमडीच्या प्रोसेसरवर ती अनोळखी ठरून अडेल आणि नियंत्रण यजमानाकडे जाईल. मग यजमान पाहुण्याच्या स्मृतीत शिरून योग्य ती आज्ञा लिहून ठेवील. इंटेलच्या फाइलीत इंटेलचे तीन बाइट, एएमडीच्या फाइलीत एएमडीचे तीन. पाहुण्याला पत्ताही नको. वरवर पाहता ही फारकत आदर्शच वाटते. प्रोसेसरविशिष्ट कोड शब्दशः तीन बाइटांवर आला होता.

आणि तरीही ती फारकत चुकीच्या जागी होती. यजमानाने न विचारता पाहुण्याची वही दुरुस्त करायची, हा मूळ संकेतच घातक होता. पुढे सुरक्षेसाठी लिनक्सने आपल्या कर्नलचा कोड केवळ वाचनापुरता खुला ठेवण्यास आरंभ केला. आता यजमान लिहायला गेला की लिहिणे फसे आणि पाहुण्याच्या पदरी ‘शून्याने भागाकार’ ही सर्वस्वी असंबद्ध चूक पडे. भागाकार कोणी केलाच नव्हता! २०१४ मध्ये इलाज झाला तो पाहुण्याच्या बाजूने : कर्नल सुरू होतानाच स्वतः प्रोसेसर ओळखतो आणि आपली आज्ञा आपणच निवडतो. आपला हात जगन्नाथ.

केव्हीएमचा हा दोष अपवादात्मक होता, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर झेन या दुसऱ्या हायपरव्हायजरच्या चरित्रात आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या, २००३ च्या शोधनिबंधाने गाजलेल्या झेनने तर पुढे अख्खे पानच यजमानाच्या स्वाधीन केले. पाहुणा स्मृतीतले एक रिकामे पान देई. यजमान त्यात प्रत्येक हायपरकॉलसाठी ३२ बाइटांची जागा धरून योग्य तो कोड भरी. पाहुणा क्रमांकानुसार त्या जागी उडी मारी. चांगली दीड-दोन दशके ही रचना नमुनेदार मानली गेली. पण प्रोसेसरच्या अंदाजाने पुढे धावण्याच्या सवयीचा गैरफायदा घेणारे हल्ले २०१८ पासून उघड होऊ लागले. त्यांच्यापासून बचावासाठी पाहुणा स्वतःच्या कोडमध्ये कोणत्या खबरदाऱ्या घेतो, हे पान भरणाऱ्या यजमानाला कळणार कसे? डिसेंबर २०२४ मध्ये झेनच्या सुरक्षा-सूचनेनेच हे पान असुरक्षित ठरवले. लिनक्सने ते काढून टाकले आणि प्रोसेसर पाहून आज्ञा निवडण्याचे काम स्वतःकडे घेतले. दोन वेगळ्या वाटा, दहा वर्षांचे अंतर आणि मुक्काम एकच.

यजमानाची मदत मुळातच वाईट, असा मात्र याचा अर्थ नाही. पॉवरपीसीवर यजमान हाकेच्या आज्ञा यंत्राच्या वर्णनपत्रात नोंदवून ठेवतो आणि पाहुणा त्या वाचून आपल्या कोडमध्ये उतरवून घेतो. माहिती यजमानाची, लेखणी पाहुण्याची. झेनच्या पानापेक्षा ही वाट निःसंशय सरस आहे, कारण इथे लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे ठाऊक असते.

दुसऱ्या टोकाचा हव्यासही टाळलेला बरा. क्रमांकांची एकच यादी सर्व घराण्यांना पुरेल, अशी आशा केव्हीएमच्या आरंभी असणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्या यादीत क्रमांक ५ निजलेल्या आभासी प्रोसेसरला जागे करतो, पण तो एक्स८६ पुरता. क्रमांक ३ आणि ४ पॉवरपीसीचे. प्रत्येक नोंदीपुढे घराण्याचे नाव लिहावेच लागले. एआरएमने तर हाकेचा स्वतःचा स्वतंत्र संकेत ठरवला, आणि ते योग्यच झाले.

मेनफ्रेमवरील केव्हीएमचा पाहुणा आजही हाक मारतो ती ‘डायग्नोज’ आज्ञेनेच. तिच्या जोडीचा क्रमांक सोळाच्या पटीतील अंकलेखनात ५००. आणि एक्स८६ वरील ती जुनी दुरुस्ती? २०२२ मध्ये ती बंद करण्याची कळ देण्यात आली, परंतु न सांगता मिळते ती चालूच. सरसकट इंटेलची आज्ञा लिहिणारे जुने पाहुणे अद्याप येतात, आणि एएमडीच्या यंत्रावर त्यांचा तिसरा बाइट यजमान गुपचूप बदलून ठेवतो.